भिक्खुणीचं व्रत, भिक्खुणीचा दिवस



वैशाख पौर्णिमेला गावच्या बुद्धविहारात, नाहीतर धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर तुम्ही त्यांना पाहिलं असेल. डोक्यावर केस नाहीत, अंगावर काषाय चीवर, खांद्याला झोळी. लांबून पाहिलं तर बाई आहे की पुरुष, हेही चटकन कळत नाही. या भिक्खुणी. म्हणजे बुद्धाच्या संघात रीतसर दीक्षा घेतलेल्या स्त्रिया.

त्यांच्याबद्दल आपण बायका आपसांत काय बोलतो? ‘बिचारीचं कुणी नसेल.’ ‘संसारात काहीतरी बिनसलं असेल.’ ‘आता काय, ना चूल ना मूल, नुसतं बसून खायचं.’ यातलं किती खरं, किती आपल्या मनाचं, ते आज बघू. भिक्खुणी नेमकं कोणतं व्रत घेते, तिचा दिवस कसा जातो, आणि भिक्खुणींची परंपरा एकदा तुटून पुन्हा कशी जुळली, हे आज आम्ही तुम्हाला सांगणार आहोत. एक गोष्ट मात्र आधीच ध्यानात ठेवा. आपला बचत गट जसा एकटीचा होत नाही, तसं भिक्खुणीही एकटीनं होता येत नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

सुरुवात झाली ती एका मावशीपासून. सिद्धार्थ सात दिवसांचा असताना त्याची आई महामाया वारली. त्याला वाढवलं मावशीनं, महाप्रजापती गौतमीनं. पुढं सिद्धार्थ बुद्ध झाले, संघ उभा राहिला, पण त्यात फक्त पुरुष होते. महाप्रजापतीनं कपिलवस्तूला बुद्धांकडं प्रव्रज्या मागितली. तीनदा मागितली, तीनदा नकार आला. मग तिनं स्वतःच केस कापले, काषाय वस्त्रं नेसली आणि शाक्य कुळातल्या बायकांना घेऊन ती पायी वैशालीला निघाली. या बायका पाचशे होत्या असं परंपरा सांगते. पाय सुजलेले, अंग धुळीनं भरलेलं, डोळ्यांत पाणी, अशी ती विहाराच्या दाराबाहेर उभी राहिली. बुद्धांचे सेवक भिक्खू आनंद यांनी तिला पाहिलं आणि तिची बाजू घेतली. त्यांनी बुद्धांना विचारलं, ‘स्त्री साधना करून अर्हत् होऊ शकते का?’ बुद्ध म्हणाले, ‘होऊ शकते.’ तिथं पुढचा नकार संपला.

परवानगी मिळाली, पण आठ अटींसकट. त्यांना ‘गरुधम्म’, म्हणजे भारी नियम म्हणतात. पहिलीच अट अशी, की भिक्खुणीला दीक्षा घेऊन शंभर वर्षं झाली असली, तरी आजच दीक्षा घेतलेल्या भिक्खूला तिनं वंदन करायचं. मैत्रिणींनो, ही अट ऐकून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल, तर ती पहिली आठी नव्हे. खुद्द महाप्रजापतीनंच नंतर विनंती केली, की वंदन वयाच्या, म्हणजे दीक्षेच्या ज्येष्ठतेनं व्हावं. ती मान्य झाली नाही, अशी नोंद विनयपिटकातच आहे. विनयपिटक म्हणजे संघाच्या नियमांचा ग्रंथ. हे आठ नियम मूळचे की मागाहून घातलेले, यावर अभ्यासकांचा वाद आजही चालू आहे. आम्ही ही गोष्ट झाकून ठेवणार नाही. भिक्खुणीसंघ उभा राहिला तोच मुळी अशा असमान जमिनीवर. त्या जमिनीवर बायकांनी काय उभारलं, ते आता बघा.

भिक्खुणी एका दिवसात होता येत नाही. पहिली पायरी श्रामणेरीची. ती दहा शीलं घेते. जीवहिंसा करायची नाही. न दिलेलं घ्यायचं नाही. ब्रह्मचर्य पाळायचं. खोटं बोलायचं नाही. नशा करायची नाही. इथवर आपल्याला पंचशील ओळखीचं आहे, फक्त तिसऱ्या शीलात गृहस्थासाठी व्यभिचार वर्ज्य असतो आणि इथं पूर्ण ब्रह्मचर्य येतं. पुढची पाच अशी : दुपारी बारानंतर जेवायचं नाही, नाचगाणं आणि तमाशे बघायचे नाहीत, हार-अत्तर-शृंगार करायचा नाही, उंच आणि मऊ बिछान्यावर झोपायचं नाही, सोनंनाणं स्वीकारायचं नाही.

दुसरी पायरी उमेदवारीची. तिला पालीत ‘सिक्खमाना’ म्हणतात. दोन वर्षं सहा शीलं अखंड पाळायची. मध्ये मोडलं, तर पुन्हा पहिल्यापासून दोन वर्षं. घाईनं कुणी येऊ नये आणि आलेलीला स्वतःलाही पारखून बघता यावं, असा हा काळ.

मग येते पूर्ण दीक्षा, म्हणजे उपसंपदा. त्या वेळी तिला प्रश्न विचारतात. वय वीस पूर्ण आहे का? आईवडिलांची आणि नवरा असेल तर नवऱ्याची परवानगी आहे का? कुणाची गुलाम तर नाहीस ना? अमुक-अमुक आजार आहेत का? आणि एक प्रश्न आपल्या गटातल्या बायकांना लगेच कळेल असा आहे : अंगावर कर्ज आहे का? देणं बुडवून संघात लपता येत नाही. आधी देणं फेडायचं, मग यायचं.

हे प्रश्न आधी भिक्खूच विचारत. त्यात बाईच्या शरीराबद्दलचे, पाळीबद्दलचेही प्रश्न होते. पुरुषांपुढं उत्तरं देताना मुली लाजेनं गप्प होत. म्हणून पुढं रीत बदलली. आधी भिक्खुणीसंघ तिला आत घेऊन सगळं विचारेल, दीक्षा देईल आणि मग ती भिक्खुसंघापुढं जाईल. बायकांच्या दवाखान्यात बाई डॉक्टर का हवी, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पण या रीतीचा आणखी एक अर्थ होतो. नवी भिक्खुणी करायला आधीच्या भिक्खुणी लागतात, आणि त्याही ठरलेल्या संख्येनं. हा मुद्दा जपून ठेवा, थोड्या वेळानं लागणार आहे.

आता नियमांकडं येऊ. श्रीलंका, म्यानमार, थायलंड या देशांत जी थेरवाद परंपरा चालते, तिच्यात भिक्खूला २२७ नियम आहेत आणि भिक्खुणीला ३११. चीन, तैवान, कोरियातल्या परंपरेत भिक्खुणीला ३४८ आहेत. आकडा ऐकून छाती दडपते. पण एकेक नियम उघडून पाहिला, की त्यामागं कुठली तरी घडलेली गोष्ट सापडते.

लसणाचीच गोष्ट घ्या. भिक्खुणीनं लसूण खायचा नाही, असा नियम आहे. एका शेतकऱ्यानं भिक्खुणींना सांगितलं होतं, ज्यांना लसूण हवा त्यांनी घेऊन जावा, एकेकीला दोन-तीन गड्डे मिळतील. एक दिवस घरातला लसूण संपलेला होता, म्हणून त्यानं त्यांना थेट शेतात पाठवलं. तिथं थुल्लनंदा नावाच्या भिक्खुणीनं काही मोजमाप ठेवलं नाही, ढिगानं लसूण उपटून नेला. राखणदारानं बोंब मारली, गावात चर्चा झाली आणि नियम आला. म्हणजे वाईट लसूण नव्हता. देणाऱ्याच्या चांगुलपणाचा गैरफायदा घेणं वाईट होतं.

विहाराची घाण भिंतीपलीकडं फेकायची नाही, कुणाच्या पिकावर, भाजीवर टाकायची नाही, असेही नियम आहेत. शेजाऱ्याशी कसं राहावं, तेच यात सांगितलं आहे.

काही नियम रक्षणाचे आहेत. भिक्खुणीनं एकटीनं दुसऱ्या गावाला जायचं नाही, एकटीनं नदी ओलांडायची नाही, रात्री एकटीनं बाहेर राहायचं नाही. प्रवासात भिक्खुणींवर जबरदस्ती झाली, त्यानंतर हे नियम आले. यात जाच आहे का? आहे. गुन्हा करणारा मोकळा आणि बंधन बाईवर, हे आपण आजही बघतो. पण त्याच नियमाची दुसरी बाजू अशी, की बरोबरीच्या भिक्खुणीला एकटं सोडणं संघाला चालत नाही.

आणि काही नियम ऐकून तर नवल वाटतं. भिक्खूनं नात्यात नसलेल्या भिक्खुणीकडून आपली मळकी चीवरं धुऊन घ्यायची नाहीत. भिक्खू जेवत असताना भिक्खुणीनं पाणी घेऊन, पंखा घेऊन शेजारी उभं राहायचं नाही. गृहस्थाच्या घरची कामं तिनं करायची नाहीत. घर सोडून आलेली बाई विहारात पुन्हा धुण्याभांड्याला जुंपली जाऊ नये, ही काळजी यात दिसते. गरुधम्मातली असमानता एका हातानं ठेवली, तर दुसऱ्या हातानं ही वाट मोकळी केली.

एकमेकींच्या जबाबदारीचे नियमही कडक आहेत. शिष्या आजारी असेल, तर गुरुणीनं तिची सेवा करायची, जमत नसेल तर दुसरीकडून करवून घ्यायची. नाहीतर दोष गुरुणीला लागतो. एकीला दीक्षा दिली, की दोन वर्षं तिला शिकवायचं, वाऱ्यावर सोडायचं नाही. दरसाल नव्या शिष्या घ्यायच्या नाहीत, कारण राहायला जागा पुरली पाहिजे. सर्वांत गंभीर आठ गुन्ह्यांना संघातून कायमचं बाहेर जावं लागतं. ब्रह्मचर्य मोडणं, चोरी, मनुष्यहत्या, अंगी नसलेल्या सिद्धीची बढाई मारणं हे त्यातले चार. उरलेल्यांत एक असा आहे : दुसरीनं असा गुन्हा केला हे ठाऊक असून जिनं लपवलं, तीही बाहेर. वही खोटी आहे हे माहीत असून सही करणारीही दोषी, तसंच हे.

हे सगळे नियम कपाटात ठेवायचे नसतात. दर अमावास्या-पौर्णिमेला भिक्खुणी एकत्र बसतात आणि नियम मोठ्यानं म्हणतात. पंधरा दिवसांत कुणाकडून काही चुकलं असेल, तर तिनं ते सांगून मोकळं व्हायचं. वर्षावासाच्या शेवटी तर प्रत्येक भिक्खुणी बाकीच्यांना हात जोडून सांगते, माझं काही चुकलेलं पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा शंका असेल, तर दया करून मला सांगा. आपल्या बैठकीत हिशेबाची वही सगळ्यांसमोर वाचतात ना? तसाच हा वागण्याचा हिशेब.

आता तिचा दिवस पाहू. श्रीलंकेतल्या खेड्यातल्या भिक्खुणी-विहाराचा दिनक्रम आम्ही सांगतो. इतर देशांत थोडाफार फरक असतो.

पहाटे चारच्या सुमारास उठायचं. बुद्धवंदना, पाठ, ध्यान. उजाडलं की अंगण झाडायचं, बोधिवृक्षाखालची पानं गोळा करायची, फुलं आणि दिवा ठेवायचा. मग न्याहारी. त्यानंतर पाली ग्रंथांचा अभ्यास, नव्या मुलींना शिकवणं, आलेल्या-गेलेल्याची विचारपूस. दुपारचं जेवण बाराच्या आत. ते कुठून येतं? गावातून. काही ठिकाणी भिक्खुणी पात्र घेऊन दारोदार जातात, पण बऱ्याच ठिकाणी घरांनी आपसांत पाळ्या लावून घेतलेल्या असतात. अमक्या तारखेचं जेवण अमक्या घरचं. ते घर भात, कालवणं, भाज्या घेऊन विहारात येतं, भिक्खुणी पाठ म्हणून आशीर्वाद देतात. बारानंतर घन अन्न नाही. संध्याकाळी बिनदुधाचा चहा, एखादं पेय, एवढंच. संध्याकाळी गावातल्या बायका-मुलं येतात, बोधिपूजा होते. कुणाच्या घरी आजारपण असेल, कुणी वारलं असेल, तर परित्राण पाठासाठी भिक्खुणींना बोलावणं येतं. रविवारी मुलांची धम्मशाळा. पौर्णिमेला पांढऱ्या साडीतल्या उपासिका दिवसभर अष्टशील पाळायला विहारात येऊन बसतात. रात्री पुन्हा पाठ, ध्यान आणि निजणं.

म्हणजे ‘नुसतं बसून खायचं’ हे काही खरं नाही. आणि हेही बघा : तिला साठवून ठेवता येत नाही, पैसे घेऊन स्वतः विकत आणता येत नाही, मनाला येईल तेव्हा जेवता येत नाही. त्यामुळं तिला गावापासून तोडून राहताच येत नाही. गाव तिला रोज जेवायला घालतं आणि ती गावाच्या सुखदुःखाला उभी राहते. घर सोडलं, पण माणसं सोडली नाहीत.

आता मघाचा जपून ठेवलेला मुद्दा काढू. नवी भिक्खुणी करायला जुन्या भिक्खुणी लागतात. मग जुन्या संपल्या तर?

सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा स्वतः भिक्खुणी होती. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ती बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेला गेली आणि तिथं भिक्खुणीसंघ सुरू झाला. तो हजार वर्षांहून अधिक काळ चालला. त्या काळात, पाचव्या शतकात, श्रीलंकेतल्या काही भिक्खुणी जहाजानं चीनला पोचल्या. चिनी बायकांना रीतसर दीक्षा हवी होती, पण आलेल्या भिक्खुणींची संख्या पुरत नव्हती. तेव्हा जहाजाचा तांडेल परत गेला आणि ४३३ साली आणखी अकरा जणींना घेऊन आला. त्यांची प्रमुख देवसारा. संख्या पुरी झाली आणि तीनशेहून जास्त चिनी स्त्रियांना दीक्षा मिळाली. चीनमधून ही परंपरा कोरिया, व्हिएतनाम, तैवानपर्यंत गेली.

इकडं श्रीलंकेत अकराव्या शतकाच्या सुमारास स्वाऱ्या झाल्या, विहार उद्ध्वस्त झाले आणि भिक्खुणीसंघ संपला. भिक्खूंची परंपराही खंडित झाली होती, पण त्यांनी म्यानमारहून आणि पुढं थायलंडहून भिक्खू आणून ती पुन्हा सुरू केली. बायकांची तशीच राहिली. विसाव्या शतकात दहा शीलं पाळणाऱ्या ‘दससिल माता’ तिथं होत्या. डोकं मुंडलेलं, व्रत कडक, पण पद भिक्खुणीचं नाही. राहणी साध्वीची आणि कागदोपत्री गृहस्थ.

मैत्रिणींनो, आपल्या घरचं विरजण नासलं तर आपण काय करतो? दही बंद करत नाही. ज्या शेजारणीला आपणच कधी विरजण दिलं होतं, तिच्याकडून चमचाभर मागून आणतो. इथं तेच झालं. डिसेंबर १९९६ मध्ये सारनाथला, जिथं बुद्धांनी पहिलं प्रवचन दिलं तिथं, श्रीलंकेतल्या दहा स्त्रियांना कोरियाच्या भिक्खू-भिक्खुणींच्या हातून पूर्ण दीक्षा मिळाली. त्यांत पुढं होत्या कुसुमा. विज्ञानाच्या शिक्षिका, सहा मुलांची आई, भिक्खुणींच्या नियमांवर संशोधन केलेल्या. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. पुढं १९९८ साली बोधगयेत आणि त्याच वर्षी श्रीलंकेतल्या दंबुल्ला इथं आणखी दीक्षा झाल्या. संख्या पुरी झाली, घरचं विरजण पुन्हा लागलं.

सगळ्यांना हे पटलं असं नाही. श्रीलंकेतल्या मोठ्या भिक्खुपीठांनी या दीक्षांना मान्यता दिलेली नाही. चीनकडची परंपरा आपली नव्हे, असं त्यांचं म्हणणं. त्यावर भिक्खुणी म्हणतात, ती गेली होती इथूनच. तिथल्या एका भिक्खुणीला सरकारी ओळखपत्रावर ‘भिक्खुणी’ हा शब्द लिहून मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. २०२५ साली निकाल तिच्या बाजूनं लागला. सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून तलाठ्याच्या कचेरीत हेलपाटे घातलेल्या बाईला एका शब्दाची ही किंमत लगेच समजेल. थायलंडमध्ये तर भिक्खूंनी स्त्रियांना दीक्षा देऊ नये असा १९२८ सालचा आदेश आहे, म्हणून तिथल्या स्त्रिया श्रीलंकेला जाऊन दीक्षा घेऊन येतात. आणि भूतानमध्ये २०२२ साली तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी १४४ स्त्रियांना पूर्ण दीक्षा दिली. दारं एकदम उघडत नाहीत, पण उघडतात.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल, तर मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत किंवा रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत जाऊन या. तिथं ब्राह्मी लिपीत कोरलेले लेख आहेत. कुणी लेणं दान दिलं, कुणी पाण्याचं टाकं दिलं, त्यांची नावं त्यांत आहेत आणि त्या दात्यांत भिक्खुणीही आहेत. अठराशे वर्षांच्या आसपासच्या या बायका. आपल्याच डोंगरांत त्यांनी तहानलेल्यासाठी पाणी साठवलं आणि आपलं नाव दगडात कोरून ठेवलं.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गावी भिक्खुणी आल्या तर काय करायचं? त्यांना ‘आर्याजी’ म्हणावं, दोन्ही हात जोडून वंदन करावं. पुरुषांनी त्यांना स्पर्श करू नये. जेवण द्यायचं तर बाराच्या आधी, आणि आपल्या घरात जे शिजलं तेच चालतं, वेगळा थाट नको. हातात पैसे ठेवण्याऐवजी काय लागतं ते विचारावं : औषध, साबण, चीवराचं कापड, परतीचं तिकीट. मुक्कामाला असतील तर एकटीला सोडू नये, चार जणींनी सोबतीला थांबावं. कारण त्यांचा नियम तसा आहे, हे आता तुम्हाला माहीत आहे.

आणि त्यांना प्रश्न जरूर विचारा. ‘तुमचं कुणी नाही का?’ हा मात्र नको. तिच्यामागं किती जणी उभ्या आहेत, ते आज आपण ऐकलं.